मामा खिडक्या उघडायला शिकले

यंत्राशी आमच्या मामांइतक्या अदबीने बोलणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि शेजारच्या जिल्ह्यांत झाला असेल असंही मला वाटत नाही. हे मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत, माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. टाइपरायटरची फीत अडकली की बाकीचे लोक त्याला चापट मारतात, मामा त्याच्यावर वाकून "काय तकलीफ हाय?" असं विचारायचे. पंखा कुरकुरायला लागला की "आलो, आलो" म्हणत तेलाची कुपी घेऊन स्टुलावर चढायचे. त्यांच्या सायकलला कुणी टेकून उभं राहिलं तर "तिला उभं राहवंना, आन् तुमी तिच्यावर रेलायलात," असं ऐकवायचे. माणसांशी मात्र जेवढ्यास तेवढं. आत्या म्हणायची, "मी टाइपरायटर असते तर माजी बी कवा तरी इचारपूस झाली असती."

मामांचं सुरुवातीचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालं होतं. पुढे राजवट गेली, शाळेची भाषा बदलली, उजवीकडून डावीकडे चालणारा हात उलटा चालवायला शिकावं लागलं. पण बोलण्यातले शब्द तिथेच राहिले. अर्जाला ते दरखास्त म्हणायचे आणि मुदतीला मोहलत. नोकरीभर टायपिंग केलं आणि नोकरी संपल्यावर परभणीच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर टायपिंगचा क्लास काढला. त्या क्लासात एक दिवस नांदेडच्या कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेला कॉम्प्युटर आला. रिक्षातून तो उतरवताना मामांनी त्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. ऊन नव्हतं, पाऊस तर नव्हताच. "नवीन गाव हाय, नजर लागती," एवढंच ते म्हणाले. आत्याने जुन्या पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवली. त्या खोलीत चपला बाहेर काढूनच जायचं, जोरात शिंकायचं नाही, आणि कुणी मिरचीची भजी खाऊन आलं असेल तर आधी हात धुऊन मामांना दाखवायचे.

तो कॉम्प्युटर म्हणजे एक काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. त्या काळात असंच होतं. डॉस नावाची त्याची भाषा, तिच्यातले शब्द पाठ करायचे आणि एकेक टाइप करून त्याला काम सांगायचं. मामा त्या शब्दांना 'हुकूम' म्हणायचे. पण त्यांचा हुकूम मोठा नम्र असे. आधी टोपी सारखी करायची, ताठ बसायचं, अक्षरं सावकाश टाइप करायची, आणि शेवटची कळ दाबली की दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे. "हुकूम सोडल्यावर हात मागं घ्यावा," ते शिकवायचे. "काम करणाराच्या बोकांडी बसू न्हाई." एखादं अक्षर चुकलं की पडद्यावर 'बॅड कमांड' असं उमटायचं. आम्ही पोरी हसायचो. मामा मात्र गंभीर व्हायचे. "खराब हुकूम म्हणायलंय. बरोबर हाय त्याचं. देणाऱ्यानंच घाई केली." आणि ते पुन्हा टोपी सारखी करून पहिल्यापासून टाइप करायचे.

मी त्या क्लासात कशी आले ते सांगते. माझं गाव पालम. वडील शाळेत मास्तर. लहानपणी पोलिओने माझा डावा पाय बारीक राहिला. बी.कॉम. झाले तशी स्थळं यायला लागली. पाहुणे पोहे खायचे, मला पाणी आणायला सांगायचे, माझी चाल बघायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. त्यातल्या कुणीच कधी कळवलं नाही. शेवटी मी वडिलांना म्हणाले, मला काहीतरी शिकू द्या, मी माझ्या पायावर उभी राहीन. हे वाक्य माझ्या तोंडून जरा विचित्रच वाटलं असणार, पण वडील हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मामाच्या क्लासात शिकत असशील तर जा. दुसरीकडं कुठं न्हाई." मग मी आत्याकडे राहायला आले.

माडीचा जिना उभा आणि अरुंद होता. पहिल्या दिवशी भिंतीला धरून मी चढले. मामा वर दारात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि आत गेले. तो आठवडा संपायच्या आत त्यांनी कापडदुकानदाराशी बोलून खालची गोदामाची खोली मिळवली आणि सगळा क्लास, टाइपरायटर, बाकं, खोळीसकट कॉम्प्युटर, खाली आणला. शेजारचे विचारायला लागले, मास्तर, वर काय वाईट होतं? "मशीनला माडीवर ऊन लागायलंय," मामा म्हणाले. ते दिवस थंडीचे होते.

मामांची ही खोड कळायला मला फार वेळ लागला नाही. जे काही चांगलं करायचं ते ते यंत्राच्या नावावर करायचे. एका पोरीला घरी लवकर जायची सक्ती होती, तर तिच्यासाठी त्यांनी क्लासची वेळ अलीकडे आणली आणि सांगितलं काय, तर "सकाळचं मशीन ताजं असतंय." तीन पोरींना आळीपाळीने एकाच खुर्चीवर बसायला लागायचं म्हणून घरची खुर्ची उचलून आणली, आत्याने विचारलं तर म्हणाले, "टेबलाला एकटं वाटायलं होतं." आभार मानायची संधी ते कुणाला देतच नसत. यंत्राचे आभार कोण मानणार?

असं सगळं सुखात चाललं असताना स्टेशनकडच्या रस्त्यावर नवा क्लास निघाला. काढणारा मामांचाच जुना विद्यार्थी, पुण्याला राहून परत आलेला. त्याच्याकडे नवे कॉम्प्युटर होते. काळा पडदा नाही, रंगीत. हुकूम पाठ करायचे नाहीत. पडद्यावर चौकटी उघडतात, त्यांना विंडोज म्हणतात, आणि हातात माउस धरून जे पाहिजे त्यावर बाण नेऊन टकटक करायची. परभणीत सगळे त्याला 'खिडक्यावालं' म्हणायला लागले. मामांनी एकदाच जाऊन ते लांबून पाहिलं आणि परत आले ते चिडून. "म्हणजे आता तोंडानं सांगायचं न्हाई, नुसतं बोट दाखवायचं? हे पाहिजे, ते पाहिजे? आमच्यात पाहुण्याच्या घरी जाऊन असं बोट दाखवलं तर कान उपटायचे." माउसला त्यांनी नावही ठेवलं: दलाल. "इतके दिवस आपण थेट बोलत होतो. आता मधी हा दलाल आला. कापसाच्या बाजारात काय कमी दलाल हायेत?"

पोरं हळूहळू तिकडे जायला लागली. आमच्यासारख्या चार-पाच पोरी तेवढ्या राहिल्या, ज्यांच्या घरच्यांचा मामांवर विश्वास होता आणि बाकी कुणावर नव्हता.

त्याच सुमारास बी-बियाण्यांची एक खासगी कंपनी परभणीत कचेरी उघडणार असल्याची बातमी आली. कचेरीत कॉम्प्युटर चालवायला माणूस हवा होता, मुलगी चालेल असं म्हटलं होतं, आणि परीक्षा घेऊन निवडणार होते. मी हरखून गेले. पेपरातली जाहिरात मामांना वाचून दाखवली. वाचता वाचता माझा आवाज खाली गेला, कारण शेवटी लिहिलं होतं की परीक्षा विंडोजवर होईल. मी पालमला जाऊन वडिलांना विचारून पाहिलं, नव्या क्लासला जाऊ का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. परक्या पोराच्या क्लासात, सगळी मुलं, नको. नोकरी मिळाली तर बघू, नाहीतर आता परतूर की जिंतूरकडचं एक स्थळ होतं, बिजवर, मुलं असलेलं, त्यांना पायाची हरकत नव्हती. मी आत्याच्या घरी येऊन भाकरी थापत बसले. दुसऱ्या दिवसापासून मामा संध्याकाळी फिरायला जायला लागले. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाले.

आत्याला आधी बरंच वाटलं. मग एका दुपारी शेजारीण आली आणि दारातूनच म्हणाली, "वैनी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचे मालक सांजच्याला स्टेशनकडं पत्ते खेळायलेत म्हनं. माज्या दिरानं डोळ्यानं बघितलं."

पत्ते! आमच्या घराण्यात पत्त्यांचा कॅट उंबऱ्याच्या आत यायची बंदी. दिवाळीला लोक खेळतात तेव्हासुद्धा आमच्याकडे दिवाळी नुसती फराळाची. आत्याचा चेहरा पांढरा पडला. संध्याकाळी मामा टोपी घालून बाहेर पडले, तशी तिने पायात चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल माज्यासंगं." रस्ताभर ती पुटपुटत होती, "साठीला टेकलंय माणूस, आन् आता पत्ते सुचायलेत." माझ्या पायासाठी तिने रिक्षा केली, पण रिक्षातही ती बसली नव्हती, पुढच्या दांडीला धरून जवळजवळ उभीच होती.

शेजारणीने सांगितलेली जागा म्हणजे तोच नवा क्लास. दार उघडं होतं. आत रांगेने कॉम्प्युटर, प्रत्येकासमोर कॉलेजातली पोरं, दोन-चार तर हाफ चड्डीतली, आणि अगदी शेवटच्या बाकावर आमचे मामा. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, जीभ ओठांच्या कोपऱ्यात, उजव्या हातात तो दलाल, गरम चहाच्या कपासारखा दोन बोटांत धरलेला. समोरच्या पडद्यावर हिरव्या चादरीवर मांडल्यासारखे पत्ते. शेजारणीचा दीर खोटं बोलला नव्हता.

"उठा!" आत्या दारातून म्हणाली.

सगळा क्लास वळून बघायला लागला. मामांनी मान वर केली नाही. "थांब जरा," ते म्हणाले, "राणी हातात हाय."

पोरं अशी हसली की बाहेरचा पानवाला डोकावून गेला. आत्या पुढे सरसावली. तेवढ्यात तो जुना विद्यार्थी, आता क्लासचा मालक, हात जोडत मध्ये आला. "बाई, सर जुगार खेळत न्हाईत हो. माउसवर हात बसावा म्हणून मीच देतोय खेळायला. समद्यांनाच देतो."

"तू देतोस? आपल्या गुरूला पत्ते शिकवायलास?"

तोपर्यंत मामांनी लाल राणी काळ्या राजावर नेऊन ठेवली होती. ठेवून झाल्यावर, हुकूम सोडल्यावर घ्यायचे तसे, त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. मग वळून पाहिलं तर आत्यामागे मी उभी. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. चोरी पकडली गेल्यासारखा. "ह्या पोराचं एक मशीन रिकामं असतंय सांजच्याला," ते घाईघाईने म्हणाले. "नुसतं पडून राहिलं की मशीन बिघडतंय. म्हणून म्हणलं बसावं."

मालकाने मला हळूच बाजूला घेऊन सांगितलं. जाहिरात आली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मामा त्याच्या दारात उभे राहिले होते. टोपी हातात. तो धावत गेला, "सर, आत या," म्हणाला, तर आत न येता त्यांनी विचारलं, "मला शिकवशील का? मोहलत थोडी हाय." त्याला वाटलं सर चेष्टा करतायत. मग त्याने खुर्ची दिली तर ती घेतली नाही. पोरं बसतात तिथे शेवटच्या बाकावर बसले. पहिले काही दिवस फार हाल झाले म्हणे. माउस सरकवता सरकवता टेबलाच्या कडेला गेला की ते हात लांब करून हाक मारायचे, "अरे, टेबल संपलं!" उचलून पुन्हा मध्ये ठेवा म्हटलं तर पटायचं नाही, "अर्ध्या वाटेवरून माघारी कसं यायचं?" दोनदा टकटक करायची तर ते एकदा करायचे, थांबायचे, मग दुसऱ्यांदा करायचे. खिडकी उघडायची नाही. पोराने सांगितलं, सर, पटपट. मामा म्हणाले, "दोन टकटकीच्या मधी घरातल्या बाईमाणसाला पदर सावरायला वेळ द्यावा लागतो की न्हाई?" शेजारच्या हाफ चड्डीवाल्याने त्यांचं बोट धरून दोन टकटकी जोडून दाखवल्या. मामांनी त्या मुलाला 'उस्ताद' म्हणायला सुरुवात केली आणि रोज त्याच्यासाठी खिशातून गोळी न्यायला लागले.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.

घरी परतताना तिघेही एकाच रिक्षात बसलो. बाजार मागे पडल्यावर आत्याने, रस्त्याकडे बघतच, विचारलं, "ठेवली का शेवटी राणी?"

"ठेवली," मामा म्हणाले.

"बरं झालं."

पुढच्या आठवड्यात मामांच्या क्लासातून चार टाइपरायटर हातगाडीवर चढले. सरकारी परीक्षा अजून टाइपरायटरवर होत होत्या, त्यामुळे नव्या क्लासला ते हवेच होते. त्या बदल्यात तिकडचा एक कॉम्प्युटर आमच्या गोदामाच्या खोलीत आला. मामांनी प्रत्येक टाइपरायटर स्वतः पुसला, नवी फीत घातली, आणि हातगाडीवाल्याला म्हणाले, "दगडावरून नेऊ नको. त्यांना सवय न्हाई." गाडी वळेपर्यंत ते बघत राहिले, मग आत येऊन टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, "बस. जुन्या मशीनला जोडीदार पाहिजे होता."

मामांनी मला विंडोज शिकवलं तसं जगात कुणी कुणाला शिकवलं नसेल. प्रत्येक गोष्ट दोन प्रकारे. एकदा माउसने, आणि एकदा माउसला हात न लावता, नुसत्या कळांनी. कुठली कळ कुठल्या कळीबरोबर दाबली की खिडकी उघडते, बंद होते, अक्षर ठळक होतं, कागद छापायला जातो, हे त्यांनी एकेक करून शोधून काढलं होतं. मी कंटाळून म्हणायचे, मामा, माउस आहे ना. "दलालाचा काय भरवसा? ऐन सौद्याच्या वेळी आजारी पडला तर?" आणि माउस काढून टेबलाच्या खणात ठेवायचे. पोरी गेल्यावर, बंद करायच्या आधी, ते सगळ्या खिडक्या मिटून मागच्या काळ्या पडद्यावर जायचे. तिथे काही काम नसायचं. नुसते थोडा वेळ बसायचे. काय करायलात, मामा? "जुन्या गल्लीत चक्कर टाकून येतो," म्हणायचे.

परीक्षा जवळ आली आणि नेमकं तेव्हाच वातावरण तापलं. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय होणार म्हणून गावोगाव तणाव, कधी बंद, कधी एस.टी. बंद. कंपनीने परीक्षा पुढे ढकलली. शेजारचे एक गृहस्थ ओट्यावर बसून तावातावाने सांगायला लागले, नाव बदललं की सगळं बुडणार. मामा टायपिंगचे कागद लावत होते. तसेच म्हणाले, "आमच्या शाळेचं नाव बदललं, भाषा बदलली, राजा बदलला. भिंत एक बी पडली न्हाई. ज्याचं नाव देणार त्याच्यामुळं किती लेकरं शिकली ते बघा." मग माझ्याकडे वळले, "मोहलत वाढली. पत्राचा मजकूर परत एकदा घे."

परीक्षेला माझ्याशिवाय इतर बऱ्याच जणी होत्या, काही औरंगाबादहून आलेल्या, भरभर इंग्रजी बोलणाऱ्या. एक पत्र लिहायचं, एक तक्ता करायचा, दोन्ही छापून द्यायचे. मी पत्र निम्मं केलं आणि माउसचा बाण जागेवरून हलेना. उचलला, आपटला, फुंकर मारली, काही नाही. परीक्षा घेणाऱ्या बाई दूर कुणाशी बोलत होत्या. आणि मग, कसं कोण जाणे, बोटंच पुढे गेली. ही कळ, तिच्याबरोबर ती कळ. यादी उघडली, खाली सरकली, तक्ता आला. माउसला मी पुन्हा हात लावला नाही. बाई फिरत फिरत मागे येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा छापखान्यासारखा आवाज करत माझा कागद बाहेर येत होता.

"माउस चालत नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग सांगायचं ना. असं कुठं शिकलात?"

"आमच्या मामांकडे," मी म्हणाले.

नोकरी मला लागली. मामांना सांगितलं तेव्हा ते सायकलच्या साखळीला तेल घालत होते. "तिथलं मशीन कसं हाय?" त्यांनी विचारलं. चांगलं आहे म्हटलं. "धूळ बसू देऊ नको," म्हणाले आणि पुन्हा तेल घालायला लागले. पण आत्याने नंतर सांगितलं, त्या दिवशी त्यांनी साखळीला इतकं तेल घातलं की पुढे आठवडाभर त्यांच्या धोतराला डाग पडत होते. वडील पालमहून आले, मामांसमोर बसले, काही बोलायचा प्रयत्न केला, आणि मग दोघांनी मिळून त्या वर्षीच्या तुरीबद्दल बराच वेळ गप्पा मारल्या.

त्यानंतर कचेरीतल्या यंत्रांनी किती वेळा रूप बदललं. दर वेळी लोक चिडतात, जुनंच बरं होतं म्हणतात. मी नवीन येणाऱ्या मुलींच्या शेजारी खुर्ची ओढून बसते. चिडायचा हक्क मला आहे असं मला कधी वाटलंच नाही. एक माणूस माझ्यासाठी साठीला पोरांच्या बाकावर बसला होता.

शेवटची काही वर्षं मामांची दृष्टी मंदावली. क्लास बंद झाला होता. एका रविवारी मी भेटायला गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते. आत्याने चहा आणून दिला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग, मनात ठरवून गेले नव्हते तरी, मी म्हणाले, "मामा, तुम्ही त्या क्लासला गेलात ते माझ्यासाठी गेलात. मला माहीत आहे. मी कधी बोलले नाही."

मामांनी चहाचा घोट घेतला, कपाकडे बघितलं.

"साखर कमी हाय," ते आत्याला म्हणाले.

"डॉक्टरनं बंद केलीया तुमाला," आत्या आतून म्हणाली.

"मग असू दे."

आणि माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला. चहा निवून गेला, आत्या दिवा लावायला आत गेली, तरी तो हात तसाच होता.